घाटावरचं खारं पाणी

छोट्या खाऱ्या टाकीत कोणते मासे ठेवायचे हे विचारायला येणाऱ्या माणसाची यादी बहुतेक वेळा आधीच तयार असते. तीत नेमो असतो, डोरी असते, पिवळाजर्द टँग असतो, आणि नातीचा हट्ट म्हणून एक समुद्रघोडा असतो. टाकी मात्र अडीच फुटांची असते.

मी आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. टाक्या बसवणं आणि त्यांची निगा राखणं हा माझा धंदा. मंचर, नारायणगाव, चाकण, भोसरी असा माझा फेरा असतो. दातांचे दवाखाने, हॉटेलं, एखादा हौशी बागायतदार. गोड्या पाण्याच्या टाक्या जास्त, खाऱ्या मोजक्याच. पण जीव अडकलाय तो त्या मोजक्या टाक्यांतच. वडील मुंबईला भायखळ्याच्या भाजी मार्केटात होते. त्यांच्या ओळखीने मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका माशांच्या दुकानात लागलो आणि धंदा तिथे शिकलो. गिऱ्हाइकांच्या त्या याद्या कुठून आल्या, कोणी घडवल्या आणि त्या पुन्हा का लिहाव्या लागतात, हे मांडावं असं बरेच दिवस मनात आहे. कारण यादी चुकते तेव्हा तिची किंमत मासा देतो.

आमचा भाग आंबेगावच्या पूर्वेचा, धामणी-लोणी पट्टा. पाऊस कमी, बोअरचं पाणी जड, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो. समुद्राचं इथे काय काम, असं कोणालाही वाटेल. पण जुन्नर-आंबेगावचा आणि समुद्राचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, ज्यात जकात टाकत असं सगळे सांगतात. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतला माल या वाटेने जुन्नरला चढायचा आणि पुढे पैठणला जायचा. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे समुद्रापलीकडची माणसंही इथवर येत होती. पुढच्या शतकांत बैलांच्या पाठीवरून कोकणचं मीठ घाट चढून येत राहिलं. आजही आमच्या आठवडे बाजारात सुकट, बोंबील, वाकट्या, सोडे यांचे ढीग लागतात. समुद्र आमच्याकडे आला तो मीठ होऊन किंवा वाळून. जिवंत समुद्र घाट चढून आला तो अगदी अलीकडे, आणि तोही आधी विलायतेला, मग मद्रास-मुंबईला वळसा घालून.

घरात समुद्र ठेवायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची. १८४६ च्या सुमाराला ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनमध्ये आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. आजच्या एअर पंपाचं काम तेव्हा एका बाईचे हात करत होते. त्यानंतर निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस आले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. पुढच्याच वर्षी त्यांनी साधं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशा चार क्षारांतून समुद्राचं पाणी बनवायची कृती छापली. लोणीत मी बादलीत जे कालवतो, त्याचा मूळपुरुष हाच.

या माणसांच्या टाक्यांत काय होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. समुद्रफुलं, खडकांतली छोटी कोळंबी, खळग्यात राहणारे बोटभर मासे. भरती ओसरल्यावर खडकांच्या खळग्यांत जे अडकतं तेच. अशा खळग्यातलं पाणी दुपारी तापतं, रात्री गार होतं, पावसात पातळ होतं, उन्हात खारट होतं. हे सगळं सोसून जगणारा मासा काचेच्या छोट्या भांड्यातही जगतो. म्हणजे छोट्या टाकीचं खरं उत्तर सुरुवातीलाच सापडलं होतं. ते नंतर शंभर वर्षं विस्मरणात गेलं, आणि माझ्या मते त्याला मोठी मत्स्यालयं कारणीभूत झाली.

हिंदुस्थानात पहिलं मत्स्यालय मद्रासला मरीना किनाऱ्यावर १९०९ साली उघडलं. तिथल्या सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांची ती कल्पना. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं. मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय झालं १९५१ साली. आठ लाख रुपये खर्च आला, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला यांनी दिले, आणि उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आले. मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडच्या शाळांच्या सहलींत गेटवे, राणीची बाग आणि मत्स्यालय हे ठरलेलं असे. घोडनदीच्या डोहातले मासे पाहिलेली पोरं तिथे काचेला नाक लावून उभी राहत. पाकट, कासव, दगडाच्या कपारीतून तोंड काढणारी मोठी वाम. गुरुजी ओढून न्यायचे तरी पाय हलत नसत.

त्या मत्स्यालयाच्या पिढीतल्या दोन माणसांची नावं इथे आली पाहिजेत. एक डॉ. एस. बी. सेटना, मुंबई राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक. दुसरे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, जे पुढे त्याच खात्याचे संचालक झाले. १९४० साली कुलकर्णींनी मुंबई इलाख्याच्या खाड्यांतल्या एका चिमुकल्या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं होराइक्थिस सेटनाय. पहिला शब्द मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांच्यावरून, दुसरा सेटनांवरून. मासा जेमतेम इंचभर, काचेसारखा आरपार. पाण्यात आधी दिसतात ते दोन डोळे, मग आतला मणका. मादीला उजवीकडचा पोटपर नसतोच. नर शुक्राणूंची बारीक पुडी मादीला चिकटवतो, आणि अंडी आत फळून मगच बाहेर पडतात. एवढ्याशा जिवात एवढी कारागिरी, आणि तो सापडतो कुठे, तर कच्छपासून केरळपर्यंतच्या खाडीकाठच्या मचूळ डबक्यांत. मुंबईत असताना मी तो ठाण्याच्या बाजूच्या एका चरात पाहिला. जाळीत घेतला तर जाळी रिकामीच वाटली. छोट्या टाकीच्या जातीचा मासा आपल्याच किनाऱ्यावर होता, एका मराठी माणसाने तो शोधला होता, आणि दुकानात त्याला कोणी नावानेही ओळखत नव्हतं. तो मचूळ पाण्याचा आहे, पूर्ण खाऱ्या टाकीचा नाही, हे खरं. तरी आपल्या खाड्यांकडे पाहून टाक्या भरायची रीत आपल्याकडे पडली नाही, याची मला खंत वाटते. काळुंद्र, निवट्या, खरबे यांच्या टाक्या किती देखण्या झाल्या असत्या!

मोठ्या मत्स्यालयाचा हिशेब वेगळा असतो. तिथे पाणी हजारो लिटर, माणसं पगारी, आणि समुद्र समोरच. कोळ्यांच्या जाळ्यातून जिवंत आलेल्या माशांतून जो तग धरेल तो ठेवायचा. पाहणाऱ्याला हवं मोठं आणि भयंकर, म्हणून मुशी, पाकट, वाम, विंचूमासा. ते त्या जागी योग्यच होतं. पण सहलीला आलेली पोरं मोठी झाली, चार पैसे मिळवू लागली, आणि त्यांनी मत्स्यालयाची टाकी लहान करून घरी आणायची ठरवली. टाकी लहान झाली, यादी तीच राहिली. २०१५ साली मत्स्यालय नव्याने उघडलं आणि बारा फुटांचा ॲक्रिलिकचा बोगदा झाला. त्यानंतर तर मला एका हॉटेलवाल्याने विचारलं, "काउंटरखाली तसला बोगदा बसेल का?"

गावात प्रश्न वेगळा असतो. आमचे एक आबा दर वेळी म्हणतात, "पापलेट ठेव की एखादं, काही झालं तर वाया तरी नाही जायचं." पापलेट आता राज्यमासा आहे, २०२३ साली तसं जाहीर झालं. पण तो उघड्या समुद्रात थव्याने फिरणारा, अंगाने फार नाजूक. जाळ्यातून काढताकाढताच मान टाकतो. काचेच्या चार भिंतींत त्याला जागाच नाही.

प्रवाळांतले रंगीत मासे दुकानात आले ते विमानांमुळे आणि प्लास्टिकच्या पिशवीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन भरून मासा जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दोन दिवसांत जाऊ लागला. मागणी वाढली तशी फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकात सायनाइडची रीत सुरू झाली. पाणबुड्या बाटलीतून प्रवाळावर विष फवारतो, मासा गुंगतो, हाताने उचलता येतो. प्रवाळ मरतं. मासा वरून टवटवीत दिसतो, काही दिवस खातोही, आणि मग कारण न कळता मरतो. आम्ही दुकानातली पोरं तेव्हा म्हणायचो, "मरीन म्हणजे नशीब." नशिबाचा त्यात काही भाग नव्हता, हे नंतर कळत गेलं.

त्या काळात टाकी 'पिकवायला' निळे डॅमसेल सोडत. नव्या टाकीत माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशाला जाळतात, तिसरं बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू दगड-वाळूवर वस्ती करेपर्यंत महिना-सव्वा महिना जातो. तोवर टाकीत कोणीतरी जळायला हवं म्हणून स्वस्तातला डॅमसेल. तो चिवट, बऱ्याचदा वाचायचा, आणि वाचला की टाकीचा मालक होऊन बसायचा. नंतर आलेल्या प्रत्येक माशाला कोपऱ्यात दाबून मारायचा. स्वस्त म्हणून घेतलेला पहिला मासाच पुढची सगळी निवड बिघडवायचा. मी आज नव्या टाकीत मासा सोडत नाही. बाजारातला एक सोडा, म्हणजे सुकी सोललेली कोळंबी, जाळीच्या पुरचुंडीत बांधून टाकतो. ती कुजते, अमोनिया होतो, जिवाणू जमतात, आणि कोणाचा जीव जात नाही. तपासणीच्या नळीत पाणी हिरव्याचं पिवळं झालं की समजायचं, आता पाहुण्यांना बोलवायला हरकत नाही.

जिवाणूंच्या या वस्तीचं महत्त्व जगाला पटवलं ते जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ साली त्यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. फार यंत्रं नाहीत, समुद्रातला जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, बस. दगडाच्या छिद्राछिद्रांत बसलेले जीवच पाणी साफ करतात. आपल्याकडे मात्र समुद्रातून दगड उचलणं सोपं नाही आणि नसावंही. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोड्यांचं अख्खं कुळ आलं. वाघाला जे संरक्षण आहे ते समुद्रघोड्याला आहे. यादीतला समुद्रघोडा मी तिथेच खोडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, एवढासा तर आहे." एवढासाच आहे, आणि त्याला दिवसभर थोडं थोडं जिवंत खाणं लागतं. पोट असं त्याला नाहीच. कायदा नसता तरी मी तो दवाखान्यातल्या टाकीत ठेवला नसता. दगडासाठी मी कोरडा, कारखान्यात बनवलेला सच्छिद्र दगड वापरतो. वस्ती जमायला वेळ जास्त लागतो, लागू दे.

मग २००३ साली नेमोचा सिनेमा आला. टाकीतल्या माशाला समुद्रात परत नेण्याची ती गोष्ट, पण आमच्या दुकानात त्यानंतर रोज नेमोची विचारणा. योगायोग असा की छोट्या टाकीसाठी याच्याइतका योग्य मासा दुसरा नाही. नेमो म्हणजे क्लाउन मासा, आणि तो जन्मभर एका समुद्रफुलाच्या आसपास हातभर अंतरात राहतो. त्याला फिरायची हौसच नाही. लांबी तीन-चार इंच. सगळे जन्मतात नर. जोडीत जो मोठा आणि दांडगा तो मादी होतो. मादी मेली तर तिचा नर मादी होतो आणि पुढचा लहान त्याची जागा घेतो. म्हणून दोन लहान क्लाउन आणले की जोडी आपोआप लागते, नर-मादी ओळखत बसावं लागत नाही.

आणि मोठी गोष्ट म्हणजे तो टाकीत जन्मतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात मार्टिन मो यांनी क्लाउनची पैदास धंद्याच्या पातळीवर करून दाखवली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलं, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठाननेही क्लाउनची हॅचरी उभी केली. ज्या खाडीच्या काठच्या चरात मला तो आरपार मासा दिसला होता, त्याच खाडीवर.

हॅचरीत पाहण्यासारखं काय असेल, तर अंडी. जोडीच्या टाकीत एक कौल किंवा मातीचं भांडं उलटं ठेवलेलं असतं. नर आधी ते तोंडाने घासून स्वच्छ करतो. मग मादी त्यावर ओळीने अंडी लावते, तांदळाच्या कणीएवढी, नारिंगी. नर दिवसभर परांनी वारा घालतो, पांढरं पडलेलं अंडं तोंडाने वेचून काढतो. चार-पाच दिवसांनी नारिंगी रंग जातो आणि प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे दिसायला लागतात. आठवडाभराने, दिवे मालवल्यावर अंधारातच, पिलं बाहेर येतात. त्यांचं तोंड इतकं लहान की पहिला घास फक्त रोटिफरचा, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या किड्यांचा. ते किडे पोसायला हिरवं शेवाळपाणी, आणि ते शेवाळपाणी पोसायला आणखी एक माणूस. मग आर्टेमिया नावाचे जरा मोठे जीव, मग भुकटी. मासा दुकानात येतो तेव्हा त्याच्यामागे एवढी शेती असते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो म्हणून असेल, हे पाहिल्यावर मला क्लाउनची किंमत कधी जास्त वाटली नाही.

हॅचरीचा मासा भुकटी खायला शिकलेला असतो, टाकीच्या काचेला घाबरत नाही, आणि त्याच्यासाठी कुठलं प्रवाळ विषाने मेलेलं नसतं. म्हणून मी दुकानदाराला रंग आणि भाव विचारायच्या आधी विचारतो, "जन्म कुठला?" उत्तर देताना जो अडखळतो, त्याच्याकडून मी घेत नाही. २०१७ साली केंद्र सरकारने मत्स्यदुकानांसाठी नियम काढले होते, आणि त्यात १५८ जातींचे मासे विकायला आणि मांडायला मनाई होती. धंद्यात हाहाकार झाला, पुढे ते नियम मागे घेतले गेले. सरसकट यादीने बंदी घालणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. एकाच जातीचा मासा समुद्रातून विष घालून आणलेला असू शकतो आणि हॅचरीत कौलावर जन्मलेलाही असू शकतो. नियमाने हा फरक विचारायला हवा होता. पण त्या यादीनंतर बऱ्याच दुकानदारांना मासा येतो कुठून हे पहिल्यांदा सांगावं लागलं, एवढं मात्र झालं.

आता लोणीतलं पाणी. माझ्या घरची टाकीही अडीच फुटांचीच. आतलं माप एकशे तीस लिटरच्या आसपास, दगड-वाळू वजा जाता पाणी शंभर लिटर. मीठ कल्याण-भिवंडीकडून माळशेज घाटाने येतं, म्हणजे नाणेघाटाच्या शेजारच्याच वाटेने. आता ते बारीक दळलेलं, बंद डब्यातलं, औषधासारखं मोजून घालायचं. शंभर लिटरला साडेतीन-चार किलो. बोअरचं पाणी आरओतून काढल्याशिवाय वापरता येत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे दिवसाला दोन लिटर पाणी उडतं, पण मीठ उडत नाही. तीन दिवस दुर्लक्ष झालं तर लिटरला पस्तीस ग्रॅमचं सदतीस होतं, आणि हे सदतीस माशाच्या कल्ल्यांना आणि मूत्रपिंडाला कळतं. समुद्रात असा बदल व्हायला युगं लागतात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज सकाळी गोडं पाणी, काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत. लाइट जाते तेव्हासाठी बॅटरीचा एअर पंप. माठाला बांधतात तसं ओलं फडकं आणि टाकीवर छोटा पंखा, एवढ्यावर पाणी सत्तावीसच्या आत राहतं.

इतक्या पाण्यात किती मासे? चार, फार तर पाच, आणि सगळे बोटाएवढे. डोरी फूटभर वाढते आणि तिला मैलभर पोहायची सवय. अडीच फुटांत ती काचेला धडकत फिरते, मग अंगावर पांढरे ठिपके येतात. पिवळा टँग त्याच जातकुळीचा. बटरफ्लाय प्रवाळाचे जिवंत कोंब खातो, आपण ते देऊ शकत नाही. मँडरिनसारखा सुंदर मासा नाही, पण तो दिवसभर दगडावरचे बारीक जीव टिपतो, छोट्या टाकीतले ते काही आठवड्यांत संपवतो आणि डोळ्यांदेखत वाळत जातो. क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे खाऊन जगतो. चार माशांच्या अंगावर त्याचं पोट कसं भरणार? लायनफिश शेजाऱ्यांना गिळतो. डॅमसेलचं सांगितलंच.

उरतं ते पुष्कळ आहे. माझ्या टाकीत पहिला आला तो पिवळा वॉचमन गोबी आणि त्याची पिस्तूल कोळंबी. वाळूत बीळ खणायचं काम कोळंबीचं. तिला दिसत जवळजवळ नाही. ती वाळूचा ढिगारा पुढ्यात धरून बाहेर येते आणि एक मिशी कायम गोबीच्या शेपटीवर टेकलेली ठेवते. गोबी बिळाच्या तोंडाशी राखणीला बसलेला. मी जवळ गेलो की त्याची शेपटी किंचित थरथरते, आणि कोळंबी वाळू टाकून आत. मी हललो नाही तर दोन मिनिटांत पुन्हा ढिगारा घेऊन बाहेर. शेजारच्या मुली शाळा सुटली की येऊन याच्यापुढे बसतात. "काका, कोळंबी फसवत नाही ना त्याला?" असं एकीने विचारलं होतं. दोघांचाही फायदा असतो, एकाला घर मिळतं, दुसरीला डोळे.

त्यानंतर फायरफिश, लाजरा, आणि घाबरला की टाकीबाहेर उडी मारणारा, म्हणून वर जाळीचं झाकण. सगळ्यात शेवटी क्लाउनची जोडी, कारण सगळ्यांत दांडगी तीच. भित्रे आधी, दांडगे नंतर, हा क्रम मोडला तर बरोबर निवडलेले मासेही एकमेकांना जगू देत नाहीत. मंचरच्या एका डॉक्टरांनाही मी हीच यादी दिली. दोन महिने नुसतं दगड आणि पाणी पाहून ते वैतागले होते. "दादा, पेशंट विचारतात मासे कुठे गेले." मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, अजून आले नाहीत म्हणून सांगा."

पाचव्या जागेसाठी माझ्या मनात बँगाई कार्डिनल आहे. इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बँगाई बेटांपाशी राहणारा हा काळ्या पट्ट्यांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मासा. १९३३ साली त्याचं वर्णन झालं आणि मग साठ वर्षं कोणाला आठवण नव्हती. १९९४ मध्ये तो पुन्हा नजरेत आला, टाक्यांच्या धंद्याने त्यावर झडप घातली, आणि २००७ साली त्याचं नाव धोक्यातल्या जातींत गेलं. नर अंडी तोंडात धरतो आणि पिलं बाहेर पडेपर्यंत उपाशी राहतो. अशा हळू, स्थिर माशाला छोटी टाकी मानवते, हॅचरीत तो वाढतो, भुकटीही खातो. मुंबईच्या दुकानांत येणाऱ्यांतले बरेच अजून समुद्रातून पकडलेलेच असतात. मी दोन दुकानदारांना सांगून ठेवलंय, हॅचरीचा एखादा आला की फोन करा. तोवर चारच.